चोळीबांगडीचं पाणी

निजामाच्या अमलात जमीन नसलेली माणसं आमच्या भागात पायलीची पन्नास मिळायची, पण जमीन नसलेला बागायतदार अख्ख्या मुलखात एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. बाकी झाडून सगळं गाव त्यांना दाजी म्हणायचं. मूळचे ते कानडी मुलखातले. लग्नानंतर दोन वर्षांत त्यांचं भावांशी बिनसलं, तेव्हा बायकोला घेऊन आमच्या गावात आले, मीठ-मिरचीचं दुकान टाकलं आणि कायमचे राहिले. सासुरवाडीत राहणाऱ्या जावयानं जरा दबून असावं अशी लोकांची अपेक्षा असते. मामा दबणं तर सोडाच, चावडीसमोरून जाताना असे खाकरायचे की पाटलांना वाटावं, तहसीलदार आले. आणि हा सगळा रुबाब कशाच्या जोरावर, तर दर आठव्या दिवशी मिळणाऱ्या एका दिवसाच्या पाण्याच्या जोरावर!

हे नीट सांगायला हवं, नाहीतर मामा कळायचे नाहीत. आमचं गाव लोहाऱ्याच्या अलीकडं, माळावर. पाऊस आला तर आला. बागायत म्हणाल तर गावाच्या वरच्या अंगाला एक जुनी दगडी विहीर, तेवढ्या पाण्यावर होईल ती. त्या विहिरीचे धरलेले सोळा आणे, त्यात आठ पाळ्या, दोन-दोन आण्यांच्या. ज्याचे दोन आणे, त्यानं आठव्या दिवशी मोट जुंपायची आणि दिवसभर पाणी ओढायचं. आमच्या गावात सोयरीक जुळवताना ‘रान किती’ असं कुणी विचारत नसे. रान काय, माळ पडलाच होता. ‘विहिरीत किती आणे’ हा पहिला प्रश्न, आणि उत्तर ऐकून पाहुणे चहा पूर्ण प्यायचा की अर्धा ठेवून उठायचं ते ठरवायचे.

माझ्या आजोबांचे चार आणे होते, म्हणजे दोन पाळ्या. आत्याचं लग्न निघालं तेव्हा रीतीप्रमाणं लेकीला चोळीबांगडी देणं आलं. चोळीबांगडी म्हणजे लेकीच्या चोळीबांगडीचा खर्च निघावा म्हणून तिच्या हयातीपुरती दिलेली जमिनीची पट्टी. ती वारली की पट्टी पुन्हा भावाकडं यायची. आमचे आजोबा फार धोरणी. (वडीलधाऱ्यांना चिक्कू म्हणू नये, म्हणून धोरणी म्हणतो.) त्यांनी विचार केला, जमीन दिली तर बांध घाला, दगड रोवा, उद्या नातवंडं भांडायला मोकळी. त्यापेक्षा भर मांडवात उभं राहून त्यांनी जाहीर केलं, “लेकीला दोन आणे पाणी दिलं!” मंडळींनी वा वा केली. रान नाही तर पोरीनं ते पाणी लावायचं कुठं, हे कुणी विचारलं नाही. लग्नात असले प्रश्न कुणी विचारत नाही. आजोबांचा बेत असा की जावई काय पाणी डोक्यावर घेऊन जातोय? पाणी राहील आपल्याच रानात, वर्षाला एक चोळी टाकली की झालं. जावई ओळखायला मात्र ते चुकले. मामा गावात राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आजोबांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “मामंजी, आमचा पाण्याचा दिवस कंचा?”

त्या दिवसापासून मामांच्या पाळीला दुकान बंद. कुणी मीठ मागायला आलं तर आत्या आतूनच सांगायची, “मालक विहिरीवर गेलेत, उद्या या.” मामा पहाटेच आंघोळ करून, कपाळभर विभूती ओढून, सणासुदीचं धोतर नेसून निघायचे. बैल भाड्याचे, मोट भाड्याची, मोट हाकणारा गडीही भाड्याचा, पण बैलांच्या धावेच्या कडेला काठी टेकून उभं राहिलेल्या मामांकडं बघून कुणालाही वाटावं, विहीर यांच्या पणज्यानं खोदलीय. मोटा ते स्वतः मोजायचे, आणि त्या कानडीत मोजायचे. “ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु...” मराठीत का मोजत नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर माझ्याकडं कीव आल्यासारखं बघून म्हणाले, “मराठीत मोजलं तर कुणीबी मधेच ‘चुकलं’ म्हनतंय. कानडीत म्हनून दाखवा म्हनावं!”

मामांच्या आदल्या दिवशी पाळी असायची ती चाचांची. चाचा म्हणजे गावातले एक वयस्कर मुसलमान शेतकरी, विहिरीतले सगळ्यात जुने हिस्सेदार, उंचपुरे आणि शांत. त्यांचं नि मामांचं भांडण इतकं जुनं होतं की ते ऐकल्याशिवाय गावाला सकाळ झाल्यासारखी वाटत नसे. भांडण पाळी बदलण्याच्या वेळेचं. रीत अशी की दिवस कासराभर वर आला की आधीच्यानं मोट सोडायची. कासरा म्हणजे बैलाची दोरी, हे सगळ्यांना ठाऊक. पण आभाळातला कासरा किती हात लांब, हे काही बापजाद्यांनी लिहून ठेवलेलं नव्हतं. मामांनी एक दिवस खरोखरचा कासरा नेला आणि एक टोक जमिनीच्या रेघेला, एक टोक सूर्याला असा दोन्ही हातांनी ताणून धरला. “झालं कासराभर! सोडा मोट!” पुढच्या पाळीला चाचांनीही घरून आपला कासरा आणला, तो मामांच्या कासऱ्यापेक्षा दीड हात लांब. मग हे दोघे पागोटेवाले बाप्ये उगवतीकडं तोंड करून, हात वर करून, दोऱ्या धरून उभे. चाचा म्हणाले, “दाजी, तुमचा सूरज लई घाईत उगवतो बघा.” मामा म्हणाले, “आन तुमचा न्याहारी करून सावकाश येतो!”

हा तमाशा मोडला आत्यानं. ती एका सकाळी दोघांची भाकरी घेऊन विहिरीवर गेली, दोघांना मोट रिकामी होते त्या थारोळ्यापाशी बसवलं आणि म्हणाली, “सूर्याला काय विचारता? तो काय साक्ष द्यायला खाली येतोय? दोघं बसून भाकरी खावा. खाऊन झाली की पाळी बदलली.” ही तोड दोघांनाही पसंत पडली, आणि पुढं पुष्कळ वर्षं आमच्या विहिरीवर ती पाळी आत्याच्या भाकरीवर बदलत होती. फक्त मामा दोन घासांत भाकरी संपवायचे, आणि चाचांचे तोवर दोन वाफे भिजायचे राहिलेले, मोट चालूच असायची, म्हणून ते म्हणायचे, “बेटी, थोडी चटनी और दे.” मामांचा नुसता जीव वरखाली. पण बायकोनं घातलेला नियम, बोलायची सोय नाही.

आता पाणी ओढलं, पण लावायचं कुठं? मामांना रान नाही. म्हणून पाळीच्या दिवशी सकाळपासून ज्याला गरज तो येऊन उभा राहायचा, आणि मामा एकेकाची चौकशी करून पाणी वाटायचे. पैसे घ्यायचे नाहीत. “बायकोचं पानी इकायला मी काय भडवा हाय?” असं एकदा भर बाजारात ओरडल्यामुळं पुन्हा कुणी पैशाचं नाव काढलं नाही. मात्र पीक आलं की टोपलीभर माळवं म्हणजे भाजीपाला आत्याच्या दारात आणून द्यायचं. आणि ते माळवं खाताना मामांना स्वतःच्या पाण्याची चव कळते, असा त्यांचा दावा होता. कुणाच्याही पंगतीत बसले तर भाजीचा पहिला घास तोंडात घोळवून ते निकाल द्यायचे, “पाटलाचं पानी दिसतंय, चव न्हाय.” किंवा डोळे मिटून म्हणायचे, “हे आमचं!” मी एकदा त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. नळदुर्गच्या बाजारातनं वांगी आणली, आईकडून भाजी करवून घेतली आणि मामांना जेवायला बोलावलं. पहिल्या घासालाच मामा डुलले. “वा! आपलं पानी!” मी विजयानं सांगितलं की ही वांगी नळदुर्गची आहेत. मामा जेवायचे थांबले नाहीत. शांतपणे म्हणाले, “मग आपलं पानी खालून नळदुर्गापत्तुर गेलंय. म्हनूनच म्हन्लं विहीर लौकर का आटती.” मी मॅट्रिक झालो तेव्हाही त्यांनी गावभर पेढे वाटले आणि मला शिकवणाऱ्या मास्तरांना सोडून सगळं श्रेय त्या दोन आण्यांना दिलं.

शिवाय त्यांचा आठवडा आठ दिवसांचा होता. सोमवार, मंगळवार हे त्यांच्या लेखी बाजाराला जाणाऱ्या रिकामटेकड्या लोकांचे वार. ते सांगताना म्हणायचे, “पाटलाच्या दिवशी पोरगं आजारी पडलं, चाचाच्या दिवशी उतार पडला.” गावाला याची सवय होती. सगळं गाव कमीजास्त प्रमाणात असंच बोलायचं. पण परगावच्यांचं काय? माझ्या लग्नाची बोलणी मामांनी केली. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना त्यांनी निरोप धाडला, “चाचाच्या दिवशी मुलगा बघायला या.” सासरे बिचारे विचार करकरून शुक्रवारी आले. त्या दिवशी पाळी होती आमची. आई अंगण सारवत होती आणि मी कमरेला पंचा लावून म्हैस धूत होतो. सासऱ्यांनी मला त्याच अवतारात बघितलं आणि म्हणाले, “मुलगा कामाचा दिसतोय.” सोयरीक जमली. मामा आजन्म सांगत राहिले की हे सगळं त्यांनी मुद्दामच केलं होतं.

मग एका हिवाळ्यात आत्या गेली. तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी संपली. मूलबाळ नव्हतं. आमच्यात जाळत नाहीत, समाधी देतात. मामांना गावात इंचभर जमीन नव्हती, म्हणून माझ्या वडिलांनी आमच्याच रानाचा एक कोपरा दाखवला, पाटाच्या कडेचा. मामा त्या दिवसांत एक शब्द बोलले नाहीत. ते बोलत नाहीत म्हटल्यावर गावाला काही सुचेना. दुकान बंद, दार बंद. पण आठव्या दिवशी पहाटे ते उठले, आंघोळ केली, विभूती लावली आणि विहिरीवर येऊन काठी टेकून उभे राहिले. सूर्य अजून वर यायचा होता. चाचांनी त्यांना बघितलं आणि मोट थांबवली. “घ्या दाजी,” ते म्हणाले, “तुमची पाळी.” ना कासरा, ना भाकरी. मी तिथंच होतो. मला ती सकाळ अजून सहन होत नाही.

रीतीनं बघायचं तर आत्या गेली त्याच दिवशी चोळीबांगडी संपली होती. दोन आणे भावाकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं परत यायला हवे होते. पण कोण बोलणार? वर्षभर कुणी बोललं नाही. दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. माघातच विहिरीचा तळ दिसायला लागला. पूर्वी दिवसभर चालणारी मोट दुपारी थांबायला लागली. आमच्या रानात मिरची उभी होती, घरात खाणारी अकरा तोंडं, आणि मिरची गेली तर वर्ष कसं काढायचं याची वडिलांना चिंता. आठ दिवसांतनं एकदा मिळणारं अर्ध्या दिवसाचं पाणी मिरचीला पुरेना. हक्काची आणखी एक पाळी डोळ्यांसमोरून दुसऱ्यांच्या वांग्यांना जात होती. माझे वडील वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी सरळ विचारलं. मामा म्हणाले, “कायदेशीर बोला.” झालं!

वडिलांनी मला बोलावलं. माझं शाळेत सगळं शिक्षण उर्दूतनं झालेलं, त्यामुळं घरात दरखास्त लिहू शकणारा मी एकटा. मी लिहिली. ‘बहीण फौत झाली असल्यामुळं सदरहू पाणी वारसाच्या कब्जात मिळावं,’ वगैरे झकास उर्दूत. संध्याकाळी मामा आले. त्यांनाही गावात दुसरा लिहिणारा नव्हता. “तुझ्या बापानं काय लिव्हलंय ते मला सांगू नको,” ते म्हणाले, “ते बराबर न्हाय. फकस्त त्याच्या उलटं लिही.” मी काय करणार? तीही लिहिली. खोटं कशाला बोलू, मामांची जास्त चांगली उतरली.

तहसिलीत दोन्ही कागद एकदमच पोचले. तिथल्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, एकदा या कागदाकडं बघितलं, एकदा त्या कागदाकडं, आणि चष्म्यावरून माझ्याकडं. “क्यों मियाँ, मुद्दई भी आप और मुद्दालेह भी आप?” फिर्यादीही मी आणि आरोपीही मीच! मी खाली मान घातली. त्यानं बारा दिवसांनंतरची तारीख दिली. घरी येऊन मी सांगितलं, बारावा दिवस. वडिलांनी आणि मामांनी एकाच वेळी बोटं मोजली आणि एकाच वेळी म्हणाले, “म्हंजे चाचाचा दिवस.” या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

आता फिर्यादीला जायचं, तर गाडी एकच, ती आमची. मामांकडं बैल नव्हते. वडील म्हणाले, “चालत जाताव का? बसा गाडीत.” मामा बसले. वाटेत एका लिंबाखाली गाडी सोडली. आईनं बांधून दिलेल्या भाकरीचं गठुडं उघडलं आणि फिर्यादी-आरोपी एकाच कांद्यावर बुक्की मारून जेवले. जेवताना मामा वडिलांना म्हणाले, “पाव्हणं, तिथं घाबरू नगा. साहेब इचारील तेवढंच बोला. जास्त बोललात की हरताव.” वडील म्हणाले, “तुम्ही तुमचं बघा की.” तहसिलीत पोचलो तर पेशकार कागद बांधत होता. “आप की तारीख तो कल थी.” दोघंही गैरहाजर, म्हणून दोन्ही दरखास्ती खारीज. गावात जाऊन आपसात मिटवा.

झालं होतं असं की मधे अमावस्या आली होती. अमावस्येला आमच्याकडं बैल जुंपत नाहीत, मोट बंद, त्यामुळं सगळ्या पाळ्या एक दिवस पुढं सरकतात. तारीख बाराव्या दिवसाची, आणि चाचांचा दिवस पडला तेरावा. हे विहिरीवरच्या पोरासोरांनाही कळतं, पण दोन जाणत्या माणसांना सुचलं नाही, आणि मॅट्रिक झालेल्या मला तर अजिबातच नाही. परतीच्या वाटेवर दोघं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसले होते. “तुम्ही एवढे विहिरीचे पंडित, अमुशा कशी इसरलात?” “मी कानडीत मोजत हुतो. तुम्ही मराठीत मोजत हुता, तुम्हाला काय झालतं?” गाव येईपर्यंत हेच.

मग बैठक भरली ती विहिरीवरच. आठही पाळ्यांचे हिस्सेदार जमले. सगळ्यात वयस्कर म्हणून चाचांनी विचारायचं ठरलं. वडील उभे राहिले आणि चार शब्दांत बोलले. “भन गेली. चोळीबांगडी परत आली. रीत हाय. माझी मिरची जळायली.” आणि खाली बसले. मामांनी मात्र जे सुरू केलं! चोळी ही वस्तू हयातीपुरती असते असं कुठं लिहिलंय? बांगड्या फुटल्या तरी बांगडीवाल्याचं देणं राहतं की नाही? आणि चोळी घालणारी गेली असली तर चोळीच्या जागी आपलं पागोटं धरावं, कापड कापडच. लोक पोट धरून हसत होते. मीही हसत होतो. पण मामा बोलता बोलता सारखे विहिरीकडं वळून बघत होते ते मी बघितलं आणि माझं हसू पळालं. त्या माणसापाशी आठ दिवसांतनं एक दिवस उरला होता आणि तो काढून घेतला तर मधल्या सात दिवसांचं त्यानं काय करायचं, हे कुणीच विचारत नव्हतं.

चाचांनी हात वर केला. हसणं थांबलं. “दाजी, सीधी बात करा,” ते हळूच म्हणाले. “पाण्याला रान लागतं. आमची पोरगी होती तवर आम्ही काही बोललो न्हाय. आता सांगा, तुमचं रान कुठं हाय?”

मामा काठी टेकत उठले आणि पाटाच्या कडेकडेनं चालायला लागले. लोकांना वाटलं, चिडून निघाले. पण थोडं पुढं जाऊन ते थांबले, म्हणून आम्हीही मागोमाग गेलो. आत्याच्या समाधीपाशी उभे होते. तिथं त्यांनी अबोली लावली होती, चार ओंजळी पाण्यावर जगलेली.

“हे,” मामा म्हणाले. “जिती हुती तवा तिला ह्या गावात बोटभर रान न्हवतं. बापानं पानी दिलं, रान न्हाय दिलं. आता साडेतीन हात हाय. भावानंच दिलंय, ह्यो काय उभा हाय भाऊ. मोजून घ्या. रान हाय, रानाला पानी पायजे.” मग वाकून अबोलीचं एक वाळकं पान खुडत म्हणाले, “लेक परगावी मेली तर चोळीबांगडी माघारी येती. ही गाव सोडून गेली कुठं?”

वडील खाली बघत होते. चाचांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बेटीचा हिस्सा कायम.” वडिलांनी मान हलवली. होकाराची हलवली, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

त्यानंतरच्या पहिल्या पाळीला मी मुद्दाम विहिरीवर गेलो. पाणी एवढं खाली गेलेलं की मोट तळाला घासत होती. मामांनी पहिल्या मोटेतला एक तांब्या भरून अबोलीला घातला. भाजी लावणारे दोघंतिघं नेहमीप्रमाणं आशेनं उभे होते. त्यांना मामा म्हणाले, “आज न्हाय.” आणि पाट फोडून पाणी वळवलं ते थेट आमच्या मिरचीत. वडील बांधावर उभे होते, त्यांना काय करावं कळेना. मामा ओरडले, “नुसतं बघताव काय पाव्हणं? दारं धरा की! पानी वाया चाललं!” वडील खोरं घेऊन धावले. वाफ्यामागून वाफा भिजत गेला. खूप वेळानं वडील वर न बघता म्हणाले, “मलाच द्यायचं हुतं, तर एवढं भांडलाव कशाला?”

“तुम्ही घेतलं असतं तर ते तुमचं झालं असतं,” मामा म्हणाले. “आता तिनं दिलंय.”

ती मिरची वाचली. पुढचा पाऊस बरा झाला. मामा त्यानंतर दोन वर्षं जगले आणि दर पाळीला विहिरीवर आले, शेवटी शेवटी तर माझ्या आधारानं. तेवढ्यातच राज्य बदललं. चावडीत उर्दूच्या जागी मराठी कागद आले, आणि ज्या वर्षी मामा गेले त्याच वर्षी नवा पटवारी विहिरीच्या हिस्सेदारांची नावं लिहून घ्यायला बसला. तरुण होता, परगावचा. एकेकानं उठून आपले दोन आणे सांगितले. आठवी पाळी आली तेव्हा सगळ्यांनी वडिलांकडं बघितलं. आता मधे कुणीच नव्हतं. रीतीनं, कायद्यानं, कसंही बघितलं तरी ते दोन आणे वडिलांचेच होते.

वडिलांनी आत्याचं नाव सांगितलं. माहेरचं.

“हयात आहेत का?” पटवाऱ्यानं विचारलं.

“न्हाईत.”

“मग मयताच्या नावावर कसं लिहू? तुमचं नाव सांगा की.”

“ह्या दोन आण्यांसाठी मी माझ्या दाजींशी भांडलो आन हरलो,” वडील म्हणाले. “हारल्याल्याचं नाव लिवत्यात का कुटं? ते असते तर त्यांनी तुम्हाला दिवसभर कायदा ऐकवला असता. ते न्हाईत, म्हनून मला सांगावं लागतंय. लिवा.”

पटवाऱ्यानं चाचांकडं बघितलं. चाचा म्हणाले, “लिखो बेटा.” त्यानं लिहिलं, पण शिसपेन्सिलीनं.

चावडीतून आम्ही घराकडं निघालो. मामांच्या बंद दुकानापाशी आलो तशी वडिलांची चाल मंदावली. ते ओट्यावर टेकले आणि एकदम रडायला लागले. आत्या गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. येणारेजाणारे थांबायला लागले, म्हणून मी त्यांच्यापुढं आडवा उभा राहिलो.

“एवढं सरळ, बिनभांडणाचं कुणी लिहून देऊ देतंय का?” डोळे पुसत वडील म्हणाले. “आडवं बोलायला तरी राहायचं हुतं रे दाजींनी.”